पाणी तिसऱ्या पायरीला, पाय चिखलात : एका रहस्यकादंबरीच्या मसुद्याची दुरुस्ती

नऊ वर्षांचा दिनू 1983 च्या नारळीपौर्णिमेला नाहीसा झाला. गाव वाघोटण खाडीच्या काठचं, विजयदुर्गच्या मुखापासून बाराएक किलोमीटर आत. बाप तरीवाला, म्हणजे खाडीपार माणसं नेणारा होडीवाला, चुलता मुंबईत गिरणीकामगार. धाकटी बहीण सुमन तेव्हा सहा वर्षांची होती. 2023 मध्ये ती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कारकून आहे आणि भावाचं काय झालं ते शोधायला निघते. एवढ्या ऐवजावर बेतलेल्या कादंबरीचा पहिला मसुदा, त्यातली मोठी चूक आणि तिची दुरुस्ती हा इथला विषय. मसुदा, गाव आणि माणसं अभ्यासासाठी रचलेली आहेत. खाडी, तिथ्या, कायदा आणि स्मृतीवरचं संशोधन खरं आहे, आणि दुरुस्ती त्यांच्याच आधाराने झाली.

मसुदा कुठे मोडला

पहिल्या मसुद्यात एकतीस प्रकरणं होती. तिसऱ्या प्रकरणात सुमनची आठवण येते. तिन्हीसांजेची वेळ, कंदील पेटलेले, तरीच्या घाटावर ती उभी, पाणी वरून तिसऱ्या पायरीला लागलेलं. पांढऱ्या शर्टातला एक माणूस दिनूला होडीत घेतो आणि होडी निघून जाते. घरी सांगितलं गेलं की दिनू काकाबरोबर मुंबईला गेला. नंतर सांगितलं गेलं की तो काकाकडून पळाला. आई पत्राची वाट पाहत राहिली.

पुढची तेवीस प्रकरणं सुमन माणसांना भेटते, कागद चाळते, हाती फारसं काही लागत नाही. सत्ताविसाव्या प्रकरणात माळ्यावर पितळी फुलपात्र सापडतं आणि त्याचा स्पर्श होताच तिला सगळं आठवतं: बापाने दिनूच्या हाती वल्हं दिलं होतं, होडी ओढीने गेली, बाप काठावरून ओरडत राहिला.

भाषा चांगली होती. तरीही हे प्रकरण कादंबरी बुडवत होतं. इंग्रज रहस्यकथालेखक रोनल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला सहावा सांगतो की योगायोगाने तपास करणाऱ्याला मदत करता कामा नये, आणि कारण न देता येणाऱ्या अंतःप्रेरणेनेही नाही. अचानक परतलेली आठवण म्हणजे हे दोन्ही एकदम. साहित्यिक कादंबरीला हे नियम लागू नाहीत असं म्हणून सुटता येत नाही. ज्या कादंबरीचा विषयच आठवणीचा भरवसा हा आहे, तिने सव्वीस प्रकरणं आठवणीवर संशय घ्यायचा आणि सत्ताविसाव्यात तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा, ही आतली फसवणूक आहे. वाचकाला उत्तर मिळतं, पण ते खरं का मानायचं ते कळत नाही.

म्हणून पहिला निर्णय असा झाला: आठवण ही साक्षीदार. तिची उलटतपासणी व्हायला हवी, आणि तीही जिला स्वतःला काहीच आठवत नाही अशा गोष्टीकडून. खाडीकाठच्या गावात अशी गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही.

भरतीची साक्ष

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. प्रतिपदेपासून मोजलेली तिथी पाऊणने गुणायची, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यातून हा आडाखा आला आहे. तो मिनिटाला अचूक नाही. खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते, हेही त्यात धरलेलं नसतं. तपशील हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची वार्षिक भरती-ओहोटी कोष्टकं असतात. पण या मसुद्याची चूक दाखवायला आडाखा पुरतो.

1983 ची नारळीपौर्णिमा 23 ऑगस्टला, मंगळवारी होती. मुखाशी पूर्ण भरती अकराच्या आगेमागे, बारा किलोमीटर आत दुपारी बाराच्या सुमारास. तिथून सहा-साडेसहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पावसाळ्यात वरून नदीचं पाणी उतरत असतं, त्यामुळे ओहोटी जास्त वेळ चालते आणि तिची ओढही वाढते. म्हणजे तिन्हीसांजेला, सातच्या सुमारास, त्या घाटावर पाणी सगळ्यात खाली गेलेलं असणार. तिसरी पायरी कोरडी, शेवटच्या पायरीखाली चिखल उघडा. सुमनला आठवणारं पाणी त्या वेळी तिथं असणं शक्यच नव्हतं.

देवगड-मालवण पट्ट्यातला कुणीही वाचक हे तिसऱ्याच प्रकरणात पकडेल आणि पुस्तक खाली ठेवेल. सरळ उपाय होता: प्रसंग दुपारी न्यायचा, कंदील काढून टाकायचे. तसं केलं असतं तर चूक गेली असती आणि कादंबरी होती तिथेच राहिली असती. त्याऐवजी चूक सुमनच्या आठवणीची मानली. लेखकाच्या हातून झालेलं ते पात्राच्या नावावर गेलं आणि कोडं तयार झालं.

आधी तिथी तपासावी लागते. संध्याकाळी भरती हवी असेल तर अष्टमी हवी, आणि श्रावण वद्य अष्टमी म्हणजे गोकुळाष्टमी, आठच दिवसांवर. सहा वर्षांच्या मुलीने लागोपाठ आलेल्या दोन सणांची गल्लत केली असेल का? सुधारित मसुद्यात सुमन आठव्या ते अकराव्या प्रकरणापर्यंत याच वाटेने जाते, आणि वाचकही जातो. मग एक म्हातारा तरीवाला तिला अडवतो. अष्टमीला भांग असतं, उधाण नसतं. भांगाची भरती चढते कमी आणि उतरतेही कमी. त्या घाटावर ती तिसऱ्या पायरीपर्यंत येत नाही, निदान दोन पायऱ्या खाली थांबते. तिसरी पायरी भिजवायला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण लागतं, आणि या किनाऱ्यावर उधाणाची भरती दर वेळी दुपारच्या नि मध्यरात्रीच्या आसपासच येते. वेळ एक गोष्ट सांगते, उंची दुसरी. तिन्हीसांज आणि तिसरी पायरी यांना एकत्र बसवणारी तिथी पंचांगात नाहीच. या टप्प्याला कादंबरीची खरी पकड बसते.

इथं चोखंदळ वाचकाचा एक आक्षेप येतो आणि त्याचं उत्तर आधीच पेरून ठेवावं लागतं. श्रावणात घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला तर खाडीचं पाणी ओहोटीतही चढू शकतं. म्हणून अभिलेख कक्षात सुमनच्या हाती पर्जन्यमापकाची नोंदवही दिली आहे: त्या आठवड्यात पाऊस किरकोळ. आभाळ मात्र ढगाळ ठेवलं. पहिल्या मसुद्यात त्या रात्री मिट्ट काळोख होता. पौर्णिमेला तसा काळोख पडायचा तर ढग हवेतच, आणि कांदळवनाच्या सावलीत कंदिलांचं कारणही पटायला हवं.

आता उरला चिखल. हा तपशील पहिल्या मसुद्यातच होता, लेखकाने निव्वळ वातावरणासाठी लिहिलेला: त्या रात्री सुमनचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. पाणी तिसऱ्या पायरीला असताना त्या घाटावर चिखलात पाय जायला जागाच नाही. चिखल सुकतीचा, पाणी भरतीचं. दोन्ही खरे आहेत आणि त्यांच्यात सहा-सात तासांचं अंतर आहे. सुमनची आठवण खोटी नव्हती, तर दोन खऱ्या प्रसंगांचा सांधा होता. दुपारी बाराला भरत्या पाण्यावर नारळ सोडला तेव्हा ती घाटावर होती, पांढऱ्या शर्टातला काका होता, दिनू होडीत बसला होता. सातला कंदील घेऊन माणसं चिखल तुडवत शोधत होती तेव्हाही ती तिथं होती. मधल्या तिनाच्या सुमारास, ओहोटीची ओढ सगळ्यात जास्त असताना, जे घडलं ते तिने पाहिलंच नव्हतं. म्हणून ते तिला कधी आठवणारही नाही. ही जागा रिकामीच ठेवायची आणि पुराव्याने वेढायची, हा या दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. फुलपात्राचं प्रकरण पूर्ण काढून टाकलं.

आठवण विचारायची कशी

पहिल्या मसुद्यात सुमन सगळ्यांना विचारते, "पांढरा शर्ट घातलेला माणूस होता ना?" आणि सगळे हो म्हणतात. असा प्रश्न साक्षीदार बिघडवतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली. काहींना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता असं विचारलं, काहींना ‘चक्काचूर होऊन आदळल्या’ तेव्हा किती असं. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फितीत नव्हतीच. चक्काचूर ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जण हो म्हणाले, धडक ऐकलेल्या पन्नासांपैकी सात.

या संशोधनाचा कादंबरीत उल्लेख करायचा नाही. सुमन कारकून आहे, तिच्या तोंडी मानसशास्त्र शोभणार नाही. परिणाम मात्र कथानकात उतरवता येतो. सुधारित मसुद्यात ती आधी तीन माणसांना चुकीच्या पद्धतीने विचारते आणि तिघांच्याही साक्षी निकामी होतात. त्यातल्या एकाला तर नंतर शर्टाची बटणंसुद्धा आठवू लागतात, आणि तिथं तिला स्वतःचा दोष दिसतो. चौथ्याला ती काही सुचवत नाही.

तो चौथा म्हणजे म्हातारा तरीवाला. पोलीस तपासासाठी रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझेलमन यांनी 1980 च्या दशकात जी मुलाखतपद्धत बसवली, तिचे टप्पे इथं उपयोगी पडतात: माणसाला त्या जागी नेणं, क्षुल्लक वाटेल तेही बोलू देणं, घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावणं, दुसऱ्याच्या जागेवरून पाहायला सांगणं. उलट क्रमाचा फायदा असा की सरळ सांगताना माणूस ‘असंच झालं असणार’ या सवयीने मधली फट बुजवतो, उलट सांगताना ती सवय चालत नाही. सुमन स्वतःची आठवणही अशीच उलट लिहून काढते. झोपले. त्याआधी पाय पुसले. त्याआधी ते धुतले. त्याआधी चिखल. आणि चिखलाच्या आधी पाणी येतच नाही. हे पान मसुद्यात जेमतेम दीडशे शब्दांचं आहे, त्याहून मोठं करू नये.

आणखी एक धागा इथंच ओवला. सुमनला घाटावर उभी असलेली ती स्वतःच दिसते, पाठमोरी, लाल रिबिनीसह. जुन्या आठवणीत माणूस पुष्कळदा स्वतःला बाहेरून पाहतो, याचा अभ्यास जॉर्जिया निग्रो आणि उल्रिक नायसर यांनी 1983 मध्येच मांडला. म्हणून तेवढ्यावरून आठवण खोटी ठरत नाही. पण आपली पाठ आपल्याला दिसत नाही, तेव्हा रिबिनीचा रंग कुठून आला हे विचारणं रास्त आहे. तो आईच्या सांगण्यातून आला. आईने वर्षानुवर्षं तोच प्रसंग सांगितला होता आणि सुमनने तो आपला म्हणून साठवला होता. तपासाचा रोख इथं पहिल्यांदा आईकडे वळतो.

कागद

कागदांवर लेखकाची पकड उत्तम होती, वापर मात्र चुकला होता. सगळे कागद एकच गोष्ट सांगत होते: दिनू नाही. कागदांनी एकमेकांशी भांडायला हवं.

शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव कमी केल्याची तारीख आणि कारण असतं. तिथं ‘सतत गैरहजर’. मुंबईला पाठवलेल्या मुलाचा दाखला नेतात, कारण तिकडच्या शाळेत तो लागतो. दाखला कुणी नेला नाही. शिधापत्रिकेवरचं नाव मात्र बापाने पहिल्याच वर्षी कमी करून घेतलं, आणि साखर-रॉकेल युनिटवर, म्हणजे माणशी, मिळायचं त्या काळात तरीवाल्याच्या घरी असं कुणी उगाच करत नाही. पोलीस ठाण्यात ना हरवल्याची नोंद, ना अकस्मात मृत्यूची.

सगळ्यात मोठा बदल विधीत केला. पहिल्या मसुद्यात बाप बाराव्या वर्षी मुलाचा विधी करतो, आणि प्रसंग हेलावणारा होता. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहण्याची रीत असल्यामुळे त्यातून काहीच उघड होत नव्हतं. सुधारित मसुद्यात तोच विधी 1984 मध्ये आणला, मृत्यूला वर्षही झालेलं नसताना, घरी न सांगता त्र्यंबकेश्वरला, आणि तो केला नारायणबळी म्हणून. नारायणबळी दुर्मरण आलेल्यासाठी करतात, त्यात बुडून मेलेलेही येतात. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत त्या वर्षीची नोंद सुमनला सापडते. कायदासुद्धा तेव्हाच्या, 1872 च्या साक्ष अधिनियमाच्या 108 व्या कलमाने सात वर्षं थांबे आणि मगच बेपत्ता माणूस मेला असं धरू देई. बाप वर्षभरही थांबला नाही. मुलगा मेला आहे आणि कसा मेला आहे, हे दोन्ही त्याला ठाऊक होतं. एका तारखेने जे सांगितलं ते कबुलीजबाबाच्या दहा पानांनी सांगितलं नसतं. म्हणून कबुलीजबाब काढला. बाप 2023 च्या आधीच वारलेला आहे, आणि तसाच राहू दिला.

किरकोळ दुरुस्त्या भराभर उरकता आल्या. मसुद्यात 1979 च्या एका दाखल्यावर ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ होतं; तो जिल्हा रत्नागिरीतून 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. 2023 च्या प्रकरणात वकील 1872 च्या कायद्याऐवजी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाची कलमं सांगत होता. तो नवा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला. पोलीस 1983 मध्ये हरवलेल्या मुलासाठी लगेच अपहरणाचा गुन्हा नोंदवतात असं दाखवलं होतं. तो दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निर्देशानंतरचा, त्याआधी बहुतेक वेळा नुसती नोंद होऊन प्रकरण पडून राही. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर धावू लागली, म्हणून 1983 मध्ये काका एसटीनेच जाणार.

काका आणि संप

पहिल्या मसुद्यात काका 1983 भर गिरणीच्या पगारातून मनीऑर्डर पाठवतो. मुंबईचा गिरणी संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यांतले कितीतरी कोकणातल्या आपल्या गावी परतले. काका श्रावणात गावात होता तो सणासाठी आला म्हणून नव्हे, मुंबईत काम नव्हतं म्हणून. मग ‘दिनूला मुंबईला नेला’ या गोष्टीचा पायाच ढासळतो: स्वतःचं पोट मुंबईत भरत नसताना पुतण्याला तिकडे कोण नेईल? ही खूण दुसऱ्या प्रकरणात उघड्यावर ठेवली आहे, काका अंगणात जाळी विणत बसलेला दाखवून. संप शब्द तिथं एकदाच येतो. ज्या वाचकांच्या घरात तो संप येऊन गेला त्यांना तेवढं पुरतं, बाकीच्यांना सुमन विसाव्या प्रकरणात समजावते.

आई

मृतदेह नाही, निरोप नाही, माणूस गेला की आहे तेही ठाऊक नाही. अशा स्थितीला पॉलीन बॉस या अभ्यासिकेने संदिग्ध वियोग म्हटलं आहे, आणि त्यात माणूस पुढेही जात नाही, मागेही फिरत नाही. मसुद्यातली आई दर गणपतीला चाकरमान्यांच्या गाडीची वाट पाहते, येणाऱ्या प्रत्येकाला "दिनू खंय गावलो?" म्हणून विचारते. हे सगळं नीट उतरलं होतं. पण एकोणतिसाव्या प्रकरणात सत्य तिला कळण्याच्या आदल्या दिवशी ती मरत होती. त्या मरणाने लेखकाची सुटका झाली, वाचकाची झाली नाही.

आता ती जिवंत राहते, आणि शेवटची साक्ष तिचीच आहे. सुमन तिला भावाबद्दल विचारत नाही. विचारते, "आये, त्या रात्री माझे पाय कुणी धुतले?" आई म्हणते, "मी." इथं सुमनला जे कळतं ते लिहून सांगायचं नाही. खाडीकाठी आयुष्य काढलेल्या बाईला गुडघाभर चिखल पाहिल्यावर पाणी कुठे होतं ते कळतं. होडी भरतीला सुखरूप गेली ही गोष्ट तिने त्या रात्रीच खोटी म्हणून ओळखली असणार, आणि चाळीस वर्षं ती तिनेच जपली. लाल रिबिनीचा धागा इथं येऊन मिळतो.

हा संवाद पहिल्या खर्ड्यात चार पानांचा होता. आई रडत होती, कारणं सांगत होती, नवऱ्याला माफ करत होती. तो एका पानावर आणला. आईची बोली पूर्ण मालवणी ठेवली, सुमन मात्र सुरुवातीला कचेरीच्या प्रमाण मराठीत बोलते आणि पायांच्या प्रश्नानंतर बोलीवर येते. हा बदल कुठेही टिपायचा नाही. मालवणी वाक्यं त्या भागातल्या दोघांकडून तरी वाचून घ्यावीत, कारण देवगड आणि वेंगुर्ल्याच्या बोलीत फरक आहे आणि तो कानाला लगेच खटकतो.

एक गोष्ट अजून कच्ची आहे. काकाला किती माहीत होतं? सध्याच्या मसुद्यात तो तिनाच्या वेळी काठावर होता की नव्हता हे कुठलाच कागद सांगत नाही, आणि तरीही एकविसाव्या प्रकरणात सुमन त्याला दोषी धरून बोलते. एक तर त्याला त्या वेळी दुसरीकडे दाखवणारी एक नोंद हवी, घाटाच्या पूजेच्या वर्गणीवहीतली सही चालेल. नाहीतर सुमनचा आरोप चुकीचा ठरू द्यावा आणि तिला त्याची भरपाई करू द्यावी. दुसरा पर्याय कादंबरीला जास्त मानवतो, पण त्यासाठी चोविसावं प्रकरण नव्याने लिहावं लागेल.